डाव्या बाजूचा राघू

हिलाल नानांच्या तोंडाची चव दोन दिवसांपासून गेली होती. चहा कडू, वरण कडू, नुसती ओठावरून जीभ फिरवली तरी कडू. साग कापला तर तेलकट वास येतो, शिवणीचं लाकूड कापलेलं कळतही नाही. कडुनिंब मात्र कापणाऱ्याला चव दाखवल्याशिवाय सोडत नाही.

"नाकातोंडाला फडकं बांधा म्हटलं तर ऐकायचं नाही," मंजुळाबाई म्हणाल्या, "आणि माझ्या वरणाला नावं ठेवायची."

"नावं कुठं ठेवली? कडू लागतं एवढंच म्हटलं."

"तेच ते."

पिंप्राळ्यातल्या त्यांच्या घराच्या मागच्या अंगाला, जिन्याखाली, नानांचं मशीन होतं. स्क्रोल सॉ म्हणतात त्याला. पाहणाऱ्याला ते शिवणयंत्राचं चुलत भावंड वाटतं. सुई वरखाली व्हावी तसं एक केसासारखं बारीक दातेरी पातं वरखाली होतं, आणि खाली ठेवलेली फळी आपण दोन्ही हातांनी फिरवायची. पातं जागचं हलत नाही. त्यामुळे लाकडात वेल, पानं, पक्षी, काय हवं ते जाळीसारखं कोरता येतं.

नानांनी सारी नोकरी एसटीची गाडी चालवण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहिले, तेव्हा पोरीनं मोबाइलवर हे मशीन दाखवलं आणि नानांना वेड लागलं. सुरुवातीला पाती इतकी तुटायची की हार्डवेअरवाले रिखबचंद शेठ विचारायचे, "नाना, पाती कापायला नेता की खायला?" मग एक दिवस नानांच्या लक्षात आलं की हे कामही गाडीसारखंच आहे. वळण आलं की आधी वेग कमी करायचा. फळी पुढे रेटायची नाही, पातं जेवढं खाईल तेवढंच द्यायचं. पातं ताणून बसवलं की बोटानं छेडायचं. तारेसारखं टणकन वाजलं तर ठीक, भदभद वाजलं तर ते वळणावर दगा देणार. प्रत्येक पातं जरा एका बाजूला ओढतं, जुन्या गाडीचं स्टिअरिंग ओढतं तसं. ते ओळखून फळी तेवढीच तिरकी धरायची. ही अक्कल आल्यावर नानांच्या हातून गणपती झाले, किल्ल्या अडकवायचे मोर झाले, आणि गल्लीतल्या बहुतेक दारांवर नावाच्या पाट्या चढल्या.

पण आज मशीनवर पाटी नव्हती. आज कानबाईची प्रभावळ होती.

श्रावणातला शनिवार होता. नागपंचमी होऊन गेली होती, उद्याच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई बसायची. नारळाच्या रूपातली देवी चौरंगावर बसवायची, तिला नथ-बांगड्या घालायच्या, रोट म्हणजे जाड पोळ्यांचा नैवेद्य भाऊबंदांनी मिळून खायचा, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी सकाळी नदीवर पोचवून यायचं. नानांच्या भाऊबंदांची कानबाई शिंदखेड्याजवळ त्यांच्या गावी, थोरल्या भावाच्या घरी बसत आली होती. तिच्या पाठीशी उभी राहायची ती जुनी, कमानीसारखी जाळीची प्रभावळ. गेल्या पावसाळ्यात तिला वाळवी लागली आणि डावी बाजू चाळणी होऊन गेली.

घराण्याचा एक रिवाज होता. कानबाईच्या पाठीला विकतचं लाकूड लावायचं नाही. स्वतःच्या शेतातलंच हवं. बांधावरचा कडुनिंब रस्ता रुंद झाला तेव्हा पडला होता. त्याच्या चौकटी झाल्या, खाटेचे पाय झाले, आणि उरलेली एकच फळी थोरल्या भावजयीनं, प्रमिलावैनींनी, माळ्यावर जपून ठेवली होती.

आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, नाना गावी गेले तेव्हा सगळे ओसरीवर बसले असताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, "प्रभावळ मी करतो."

थोरले भाऊ नवल आबा अडकित्त्यानं सुपारी फोडत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "यष्टी हाकणारा आता देवाचं काम करी का? सुतार मरी गयात का बठ्ठा?"

भाऊबंद हसले. नानाही कसंनुसं हसले. पण वैनी उठल्या. काचबिंदूनं त्यांची नजर नेली होती, उजेड-अंधार तेवढा कळायचा. भिंतीला हात लावत त्या आत गेल्या, घरातल्या पोराला माळ्यावर चढवून फळी खाली काढवली, पदरानं पुसली आणि नानांच्या मांडीवर ठेवली.

"एकच शे, हिलाल," त्या म्हणाल्या. एवढंच.

आई गेली तेव्हा नाना शाळेत होते. पुढे त्यांना वैनींनीच वाढवलं. त्यामुळे आबांच्या टोमण्यापेक्षा या दोन शब्दांचं ओझं त्यांना जास्त झालं होतं. फळी आणि जुनी प्रभावळ घरी आणली, पण कितीतरी दिवस तिच्यावर पातं टेकवायचा त्यांना धीरच होईना. आधी त्याच जाडीच्या साध्या लाकडावर दोनदा करून पाहिलं. शेवटी दिवस इतके थोडे उरले की धीराचा प्रश्नच राहिला नाही.

आकृती मात्र त्यांनी मोठ्या हुशारीनं काढली होती. जुन्या प्रभावळीवर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली. उजवी बाजू लख्ख उमटली : वेल, पानं आणि पिसारा उभारलेला मोर. डावीकडे वाळवीनं काही ठेवलंच नव्हतं. मग नानांनी कागद मधोमध दुमडला आणि उजव्या बाजूची नक्कल डावीकडे उतरवली. जाळीचं काम करणारे सगळे असंच करतात. अर्धं नीट काढलं की उरलेलं अर्धं आपोआप होतं, आणि दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात. कागद उघडला तेव्हा दोन मोर समोरासमोर उभे होते. नाना स्वतःवरच खूश झाले होते.

शनिवारी सकाळपर्यंत वरची वेल झाली होती, उजवा मोर झाला होता. बाहेरची कमान कापायची ती सगळ्यात शेवटी, म्हणून फळी अजून चौकोनीच होती. कोपऱ्यांचं लाकूड असलं की धरायला बळ मिळतं. नाना डाव्या मोराच्या पिसाऱ्यावर होते. प्रत्येक डोळ्यात बारीक भोक पाडायचं, पातं वरून सोडवायचं, भोकातून ओवायचं, पुन्हा ताणायचं, आणि मग कापायचं. कडुनिंबाच्या रेषा एकीकडून दुसरीकडे वळत राहतात, त्यामुळे पातं मध्येच तापून लाकूड काळं पडायचं. म्हणून त्यांनी फळीवर चिकटवलेल्या आकृतीच्या कागदावरून खोक्याची पारदर्शक चिकटपट्टी लावली होती. तिच्यानं पातं जरा थंड राहतं.

तेवढ्यात मंजुळाबाई फोन घेऊन आल्या. "गावाहून. वैनी."

नानांनी मशीन बंद केलं. "बोला वैनी."

"व्हयनं का रे काम?"

"होत आलं. उद्या दुपारपर्यंत घेऊन पोचतोच."

"घाई करू नको. फक्त एक सांगायचं होतं, म्हणून पोराला फोन लावायला लावला. राघूची चोच मजबूत ठेव. बारीक केलीस तर तुटते. चोचीतच माळ अडकवायची असते ना."

नानांच्या हातातला फोन तसाच राहिला.

"राघू?"

"मना राघू, माझा. डाव्या बाजूचा."

बाहेर रिक्षा गेली. मंजुळाबाई दारात उभ्या होत्या, त्यांना काही ऐकू आलं नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा त्यांनी पाहिला.

"हो, हो," नाना म्हणाले. "चोचीचं बघतो." आणि फोन ठेवला.

खाली फळीवर डावा मोर अर्धा पिसारा उघडून बसला होता. कापलेलं लाकूड परत जोडता येत नाही.

"काय झालं?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"डावीकडे मोर नव्हताच. राघू होता."

मंजुळाबाई वाकून पाहू लागल्या. बराच वेळ पाहिलं. मग पदरानं फळीवरचा भुसा झटकत म्हणाल्या, "एक विचारू? रागावू नका. वैनींना दिसतंय कुठं? आणि आबा कशाला बघतील चोच आहे की तुरा? दोन मोर तर दोन मोर. उलट शोभाच आहे."

नानांनी पातं वरून सोडवलं. खरं म्हणजे त्यांच्याही मनात तेच आलं होतं, बायकोच्या तोंडून निघायच्या आधी. वेळ नव्हता. फळी दुसरी नव्हती. ओसरीवर सगळे हसले होते ते आठवलं. चुकलं असं सांगायचं म्हणजे आबांच्या हातात आयुष्यभराची काठी द्यायची. त्यांनी पातं ओवलं, ताणलं, छेडून पाहिलं. पिसाऱ्याचा पुढचा डोळा कापायला घेतला आणि कापलाही.

मग थांबले. जुनी प्रभावळ भिंतीला टेकवून ठेवली होती, ती त्यांनी मांडीवर घेतली. डावी बाजू भुसभुशीत झाली होती, पण खालच्या अंगाला, वेलीच्या बुडाशी एक जागा होती, तिथे वाळवी पोचली नव्हती. तेवढंच लाकूड गुळगुळीत होतं, काळं आणि चमकदार. नानांनी त्यावर अंगठा ठेवला. तो बरोबर खळग्यात बसला.

हा खळगा त्यांना ओळखीचा होता. त्यांच्या गाडीच्या गिअरच्या दांड्यावरचा गोळा असाच झिजला होता, त्यांच्याच तळहातानं. डेपोत दहा गाड्या उभ्या असोत, डोळे मिटून हात ठेवला असता तरी त्यांनी स्वतःची गाडी ओळखली असती. वैनी दर श्रावणात प्रभावळीला तेल लावायच्या. नजर होती तेव्हाही लावायच्या, गेल्यावरही लावायच्या. ज्याला ही जागा हातानं पाठ आहे त्याला दोन मोर दाखवून काय उपयोग?

नानांनी फोन उचलला आणि गावी लावला. पोरानं वैनींकडे दिला.

"वैनी, राघू कसा आहे ते जरा सांगा. वाळवीनं नीट ठेवला नाही."

"मोर आत देवीकडे बघतो. राघू पाठ फिरवून बाहेर बघतो."

"पाठ फिरवून?"

वैनी हसल्या. "तुझी आई सांगायची. मला म्हणाली होती, मोर मना, राघू तुना. मोरानं देवीपुढे नाचायचं, राघूनं शेत राखायचं. घरात एकानं तरी दाराकडे बघायला पाहिजे की नाही? मी म्हटलं, मला नाचू देत नाहीत होय? म्हणाली, तू नाचायला लागलीस तर रोट कोण भाजील?" मग त्या म्हणाल्या, "पण हिलाल, तू राघू पाहिलाच नाहीस का रे कधी?"

"पाहिला ना. सोमवारी यायचो की."

"सोमवारी तर प्रभावळ फडक्यात बांधून ठेवलेली असते."

लहानपणी कानबाईच्या रात्री नानांचं लक्ष रोटांवर असायचं आणि प्रभावळ माळांखाली झाकलेली; मग नोकरी लागली. कानबाईच्या रविवारी एसटीला तोबा गर्दी असते. लेकीसुना, रोटाला जाणारे भाऊबंद, मुंबई-सुरतेहून आलेली माणसं, सगळ्यांना आपापल्या गावी पोचायचं असतं. त्या दिवशी ड्रायव्हरला रजा मिळत नाही. नोकरीभर त्यांनी दुसऱ्यांना त्यांच्या कानबाईपाशी नेऊन सोडलं आणि स्वतः सोमवारी, चौरंग नदीकडे निघताना, मागून धावत येऊन गाठला. निवृत्त झाल्यावर गेल्या दोन श्रावणांत आधी मंजुळाबाईंचं ऑपरेशन आणि मग पोरीचं बाळंतपण आलं. वैनींना हे सगळं माहीत होतं.

"बरं," वैनी हळूच म्हणाल्या, "राघू पाठमोरा. विसरू नको." आणि फोन बंद झाला.

आता मार्ग एकच होता. डावा मोर अख्खाच काढून टाकायचा, तेवढ्या जागेला लंबगोल भोक पाडायचं, आणि त्यात त्याच फळीच्या कोपऱ्यातला तुकडा बसवून त्यावर राघू कापायचा. कोपरे कमानीबाहेरचे होते, नाहीतरी वायाच जाणार होते. लाकूड त्याच झाडाचं, रिवाजाला धक्का नाही. पण पात्याची जाडी जेवढी असते तेवढं लाकूड भुसा होऊन जातं; भोक एकदा आणि तुकडा एकदा असं वेगळं कापलं तर तुकडा भोकात खुळखुळतो.

त्यावरची युक्ती नानांना ठाऊक होती, पण ती त्यांनी मनगटाएवढ्या फुलावर एकदाच करून पाहिली होती. दोन्ही लाकडं एकावर एक चिकटवायची, मशीनचा तक्ता किंचित तिरका करायचा आणि दोन्ही एकदमच कापायची. काप तिरका पडतो, त्यामुळे एकाचा तुकडा दुसऱ्याच्या भोकात बाटलीच्या बुचासारखा रुतून बसतो. गोम एवढीच की फळी एकाच दिशेनं फिरवावी लागते. उलट फिरवली तर बूच बसत नाही, आरपार खाली पडतं. फळी एकदा गेली की गेली.

त्यांनी एक कोपरा कापून घेतला. तो खाली धरून पाहिला, मग आडवा, मग तिरपा. मंजुळाबाईंनी विचारलं, "आता काय बघताय?"

"चोच. चोचीच्या दिशेनं लाकडाच्या रेषा धावल्या पाहिजेत. आडव्या आल्या तर माळेच्या वजनानं कटकन जाईल."

"मग तसा धरा."

"तसा धरला तर आजूबाजूच्या लाकडाशी जुळत नाही. ठिगळ दिसेल. आबांना तर लांबूनच दिसेल."

मंजुळाबाईंनी तुकड्यावर बोट ठेवलं. सकाळी 'आबा कशाला बघतील' म्हणणाऱ्या त्याच होत्या. "माळ आबा अडकवतात की वैनी?" त्या म्हणाल्या.

नानांनी तुकडा तिरपाच चिकटवला.

आधी टाकाऊ लाकडावर करून पाहिलं. तक्ता डावीकडे कलवला आणि फळी घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवली. तुकडा धप्पकन खाली पडला. हेच आधी खऱ्या फळीवर केलं असतं तर? उलट दिशेनं पुन्हा कापलं. या वेळी तुकडा वर येऊन रुतला, बोटानं दाबला तरी हलेना. नानांनी पेन्सिलीनं खऱ्या फळीवर मोठा बाण काढला. एकेरी रस्त्यावर लावतात तसा.

मग नवं, जरा जाड पातं घेतलं. फळी ठेवली. लाकूड आता दुप्पट जाड झालं होतं, म्हणून वेग अगदी कमी केला. पातं कण्हत कण्हत आत शिरलं. धुरकट वास आला, नाना थांबले, पातं निवू दिलं, पुन्हा निघाले. फळीचं एक टोक फिरत फिरत मशीनच्या मानेपाशी, मागच्या उभ्या खांबापाशी, येत होतं. तिथे टेकली तर वळण पुरं होणार नव्हतं. एक बोट उरलं. अर्धं बोट उरलं. फळी मानेला चाटून पलीकडे गेली.

आणि वीज गेली.

मशीन कण्हायचं थांबलं. पातं लाकडाच्या पोटात, निम्मं वळण झालेलं, निम्मं राहिलेलं. पावसाळ्यात पिंप्राळ्यात वीज जाणं नवं नाही, पण आजच जायची होती.

"ओढून काढू नका हं," मंजुळाबाई म्हणाल्या. दोन वर्षं ऐकून ऐकून त्यांनाही आता काही गोष्टी कळत होत्या.

"ओढतोय कुठं."

नानांनी फळीवरून हात काढले, गुडघ्यावर पुसले. मंजुळाबाईंनी पाणी आणून दिलं. तेही कडू लागलं. दोघं जिन्याखाली बसून राहिली. मोरावर मारलेला बाण अर्ध्या उजेडात दिसत होता. नाना मनातल्या मनात उद्याच्या गाडीचा हिशेब लावत होते, सरस वाळायला किती वेळ लागेल त्याचा अंदाज घेत होते, आणि एक गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नाही. मशीनचं बटन चालूच होतं.

वीज आली तशी मशीन धडधडलं. धरायला हात नव्हते. पात्यानं फळी उचलली, तक्त्यावर आपटली, पुन्हा उचलली. नानांनी झेप घेतली ती फळीकडे. मंजुळाबाई ओरडल्या, "हात नको! बटन! बटन!" आणि त्यांनीच बटन बंद केलं. तेवढ्यात फटकन आवाज झाला. पातं तुटून त्याचा तुकडा भिंतीवर जाऊन लागला.

नानांनी भिंतीशी पडलेला पात्याचा तुकडा उचलला. इतकी वर्षं गाडी चालवली, पण उभी करून उतरताना किल्ली विसरले नव्हते कधी.

"फळी बघा," मंजुळाबाई म्हणाल्या.

"तूच बघ."

मंजुळाबाईंनी फळी उचलली, उजेडाकडे धरली, उलटी केली, कडा चाचपल्या. "खालच्या बाजूला दात उमटलेत. चीर नाही."

"नीट बघ."

"नाही म्हटलं ना. बसा आता."

नाना बसले. नवं पातं त्याच कापात खालून ओवलं, ताणलं, छेडलं. एकदा छेडून समाधान होईना म्हणून पुन्हा छेडलं. या वेळी मंजुळाबाई आत गेल्या नाहीत. बटनापाशीच उभ्या राहिल्या. उरलेलं वळण संपलं.

मोर मोकळा होऊन निघाला. खालच्या कोपऱ्यातला तुकडा नानांनी भोकात खालून बसवला आणि अंगठ्यांनी दाबला. तो वर सरकला, सरकला आणि वरच्या पातळीशी येऊन गच्च बसला. मंजुळाबाईंनी नखानं सांधा तपासला. नख अडकलं नाही. रंग मात्र वेगळा दिसत होता, रेषा तिरप्या धावत होत्या. ठिगळ ते ठिगळच.

सरस लावून ते वजनाखाली ठेवलं आणि संध्याकाळी राघू कापला. पाठमोरा, दाराकडे बघणारा. चोचीशी पोचल्यावर नानांनी आकृतीच्या रेषेबाहेरून, जरा जाड कापलं. शेवटी बाहेरची कमान फिरवून घेतली, पॉलिश पेपर मारला, आणि वैनी लावायच्या तेच करडईचं तेल कापडानं चोळलं.

रविवारी सकाळी अमळनेरमार्गे जाणाऱ्या एसटीत नाना ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले. प्रभावळ चादरीत गुंडाळून मांडीवर. आदल्या दिवशीचा सरस अजून पुरता धरला नसणार, हे त्यांना ठाऊक होतं. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. रोटाला निघालेली माणसं दाराला लोंबकळत होती. प्रत्येक खड्ड्याला नानांचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधायचा.

"बाबा, पाय काय दाबता?" शेजारचा हसून म्हणाला. "गाडी तुमच्या पायात नाही."

"तेच तर दुखणं आहे," नाना म्हणाले.

घरी पोचले तेव्हा ओसरी माणसांनी भरली होती. आत चौरंगाला केळीचे खुंट बांधले होते, नारळ तयार होता. नवल आबांनी नानांना पाहिलं. "उना का ड्रायव्हर? आज रविवार शे, सोमवार नही, माहीत शे ना?"

"माहीत आहे, भाऊ."

चादर सोडली. भाऊबंद पुढे सरसावले, कुणी उजव्या मोराचा पिसारा पाहून 'वा' म्हणालं. आबांनी मात्र चष्मा नाकावर खाली ओढला आणि बरोबर डाव्या बाजूवर बोट ठेवलं.

"हाई काय? थिगळ?"

नानांनी सबबी ठरवून आणल्या होत्या : लाकडात गाठ होती, वाळवीचा डाग होता. मंजुळाबाई त्यांच्याकडे बघत होत्या.

"मी मोर कापला होता तिथे," नाना म्हणाले. "राघू होता हे मला माहीत नव्हतं. मग काढून दुसरा तुकडा बसवला. त्याच फळीचा."

"इतक्या वर्षांत घरातला राघू माहीत नही?"

"नही," नाना म्हणाले.

आबा काही बोलणार तोच आतून वैनींचा आवाज आला, "त्याले इकडे धाडा. प्रभावळ घेऊन."

नानांनी प्रभावळ आत नेली आणि चौरंगामागे दोन्ही हातांनी उभी धरली. वैनी पुढ्यात बसल्या. त्यांनी आधी कमान चाचपली. उजवा मोर त्यांच्या बोटांखालून भराभर सरला, जणू तो असणारच होता. मग हात डावीकडे गेला. वेलीवरून खाली, सांध्यावर. तिथे बोट थांबलं, मागे आलं, पुन्हा सांध्यावरून गेलं. नाना जाळीच्या मागून त्यांचा चेहरा बघत होते. बोट पुढे सरकलं. राघूची पाठ, मान, आणि बाहेर दाराकडे वळलेली चोच.

वैनींनी अंगठ्यानं चोच दाबली. जोरात दाबली.

"जाड शे," त्या म्हणाल्या.

"तुटू नये म्हणून, वैनी."

त्यांनी शेजारच्या ताटातली झेंडूची माळ उचलली. ताजी, पाण्यानं जड झालेली, दोन्ही हातांनी उचलावी लागत होती. तिचा फास त्यांनी न चाचपडता चोचीत घातला आणि हळूहळू सोडला. माळ ताणली गेली. सांध्यात बारीकसा करकर आवाज झाला, नानांनाच ऐकू आला. त्यांनी प्रभावळ घट्ट धरली, पण धरून काही होणार नव्हतं. जे व्हायचं ते त्या चोचीतच व्हायचं होतं.

माळ झुलली आणि थांबली.

"हाऊ मनाच राघू शे," वैनी म्हणाल्या, आणि नारळाकडे वळल्या. "हिलाल, हलू नको तिथून. कानबाई बसेपर्यंत तसाच धर."

दारातून आबांचा आवाज आला, "आन् नीट धर, ड्रायव्हर."

नानांनी धरली. बायकांनी पहिलं गाणं सुरू केलं. जाळीतून, मोराच्या पिसाऱ्याच्या डोळ्यांतून, नानांना वैनींचे हात दिसत होते, हळदीचे, नारळाला नथ घालणारे. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच ते कानबाईच्या रविवारी तिथे होते.